ईश्वरी कृपा व मानवी प्रयत्न (ख्रिस्ती धर्म)

मनुष्याचे तारण त्याच्या स्वतःच्या पुण्याईने, व्रताचरणाने वा नैतिक पराक्रमाने साधत नसून ते ईश्वराच्या अहेतुक कृपेने होते. म्हणून मनुष्याने आपल्या कर्तृत्वावर भिस्त न ठेवता त्या कृपेवर विसंबून राहावे, अशी ख्रिस्ती धर्माची एक मूलभूत शिकवण आहे. ‘कृपा’ ही संज्ञा मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ग्रीक ‘खारिस’ व लॅटिन ‘ग्रातिया’ या शब्दांसाठी रूढ झाली आहे. खारिस या शब्दात लावण्य, प्रसन्नता, मेहेरबानी, विनामूल्य दिलेले दान आणि ते दान मिळाल्यावर वाटणारी कृतज्ञता अशा अर्थच्छटा एकवटल्या आहेत. त्यामागे जुन्या करारातील दोन हिब्रू शब्द उभे आहेत : ‘हेन’ म्हणजे थोराने लहानावर केलेली मेहेरनजर आणि ‘हेसेद’ म्हणजे करार मोडला गेला तरी न मोडणारे निष्ठावंत प्रेम. जे मिळविलेले नाही व ज्यावर हक्क सांगता येत नाही, ते मिळणे, हा या सर्व शब्दांचा समान गाभा होय.

प्रश्नाचे स्वरूप : ही शिकवण वरकरणी सोपी वाटली, तरी तिच्यात एक बिकट प्रश्न दडलेला आहे. सर्व काही कृपेनेच होत असेल, तर मनुष्याने सदाचरणासाठी धडपड का करावी? पापाबद्दल त्याला दोषी तरी कसे धरावे? उलटपक्षी, मनुष्याचा प्रयत्न निर्णायक मानला, तर किती प्रयत्न पुरेसा, हे कोण ठरविणार? ज्याला प्रयत्न साधला, तो गर्वाने फुगेल आणि ज्याला तो साधला नाही, तो निराशेच्या गर्तेत जाईल. एकीकडे गर्व व निराशा आणि दुसरीकडे आळस व स्वैराचार, या दोन संकटांमधून वाट काढण्याचा प्रयत्न म्हणजेच या सिद्धांताचा सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास होय.

बायबलमधील आधार : मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत खारिस हा शब्द येत नाही, तथापि येशूच्या दृष्टांतांतून तो आशय स्पष्टपणे व्यक्त होतो. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टांतात दिवसभर उन्हात राबलेल्यांना आणि अखेरच्या तासाला कामावर आलेल्यांना धनी सारखीच मजुरी देतो व पहिल्यांची कुरकुर होते. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या कथेत मुलाने क्षमेची याचना पूर्ण करण्याआधीच पिता त्याला मिठी मारतो. घरी राहून इमानाने राबलेला थोरला भाऊ मात्र रागावून बाहेर उभा राहतो. मंदिरात प्रार्थनेसाठी गेलेल्या परूशी व जकातदार यांच्या दृष्टांतात आपल्या उपवासांचा व दशांशदानाचा हिशेब मांडणारा परूशी नव्हे, तर केवळ दयेची भीक मागणारा जकातदार ईश्वराच्या दृष्टीने नीतिमान ठरतो. तिन्ही कथांत हिशेबी न्यायाला धक्का बसतो आणि तिन्हींत तो धक्का सज्जनालाच बसतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या आशयाला सिद्धांताचे रूप दिले ते पौलाने. नव्या करारात खारिस हा शब्द सुमारे दीडशे वेळा येतो आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्थळे पौलाच्या नावावर असलेल्या पत्रांत आहेत. पौलापुढील प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. ख्रिस्ताचा स्वीकार करणाऱ्या यहुदीतरांनी सुंता करून घ्यावी काय, मोशेच्या नियमशास्त्राचे आहारविषयक निर्बंध पाळावेत काय, हा आरंभीच्या मंडळ्यांपुढील निकडीचा वाद होता. अँटिऑक येथे यहुदीतरांच्या पंक्तीतून पेत्र दूर झाला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, असा वृत्तांत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आढळतो. रोमकरांस पत्रात (सु. इ. स. ५७) त्याने व्यापक भूमिका मांडली : यहुदी व यहुदीतर दोघेही पापाच्या सत्तेखाली आहेत, ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने देवाने जे केले, ते विश्वासाने स्वीकारल्यानेच मनुष्य नीतिमान ठरतो. कामकऱ्याला मिळते ते वेतन, ते उपकार नव्हे; विश्वास ठेवणाऱ्याला मिळते ते मात्र दान होय, असा भेद तो करतो. मग कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा आक्षेप पौलाने स्वतःच उपस्थित करून ठामपणे फेटाळला आहे.

याकोबाच्या पत्रात याहून वेगळा सूर ऐकू येतो. कृतीविना असलेला विश्वास निर्जीव आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. विशेष म्हणजे पौल व याकोब हे दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौलाचे लक्ष उत्पत्तीच्या पुस्तकातील पंधराव्या अध्यायाकडे, म्हणजे निपुत्रिक अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला त्या प्रसंगाकडे आहे. तर याकोबाचे लक्ष पुढे बाविसाव्या अध्यायात तो पुत्रार्पणास सिद्ध झाला त्या प्रसंगाकडे आहे. पहिला विश्वासाचा उगम सांगतो, दुसरा त्याची कसोटी सांगतो, अशी सांगड परंपरेने बहुधा घातली आहे. तरी दोहोंमधील ताण पुढील सर्व वादांत पुनःपुन्हा प्रकट झाला.

ऑगस्टीन व पेलेजिअस : पाचव्या शतकाच्या प्रारंभी हा प्रश्न प्रथमच उघड वादाच्या रूपाने पुढे आला. मूळचा ब्रिटनमधील पेलेजिअस हा तपस्वी रोममध्ये धर्मोपदेशक म्हणून मान्यता पावला होता. तेथील ख्रिस्ती समाजातील शिथिलाचार पाहून तो व्यथित झाला होता. देव अशक्य ते सांगणार नाही. ज्याअर्थी त्याने सदाचरणाची आज्ञा केली, त्याअर्थी ती पाळण्याची शक्ती मनुष्यात आहेच, असा त्याचा युक्तिवाद होता. करण्याची शक्ती, करण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष कृती असे तीन घटक मानून त्यांपैकी शक्ती ही देवाची देणगी, तर इच्छा व कृती ही मनुष्याची, असे तो म्हणे. नियमशास्त्र, ख्रिस्ताचा आदर्श आणि पापक्षमा यांनाही तो कृपाच म्हणत असे. परंतु इच्छेला आतून वळविणारी कृपा त्याला मान्य नव्हती. दिमीत्रिआस या रोमन कुलीन कन्येने आजन्म कौमार्याचे व्रत घेतले, तेव्हा तिला लिहिलेल्या पत्रात त्याने मानवी स्वभावाच्या अंगभूत सामर्थ्याचे वर्णन करूनच उपदेशास आरंभ केला आहे.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याचा अनुभव नेमका उलट होता. कन्फेशन्स (सु. ४००) या आत्मनिवेदनात त्याने आपल्या दुभंगलेल्या इच्छेचे सूक्ष्म विश्लेषण केले आहे : मन हाताला आज्ञा करते आणि हात हलतो, परंतु मन स्वतःलाच आज्ञा करते, तेव्हा ती पाळली जात नाही. चांगले कळते, हवेसेही वाटते. पण पूर्णपणे हवे होत नाही. ही गाठ ज्ञानाने वा निर्धाराने सुटत नाही. इच्छेचे प्रेमच पालटावे लागते आणि ते देवाने पालटावे लागते, हा त्याचा निष्कर्ष होता. म्हणूनच, जे आचरण देव मागतो ते त्यानेच द्यावे, अशी प्रार्थना त्याने त्या ग्रंथात केली. ही प्रार्थना रोममध्ये वाचली जाताना ऐकून पेलेजिअस अस्वस्थ झाला, असे ऑगस्टीननेच नमूद केले आहे. कारण तीमुळे माणसाच्या आळसाला निमित्त मिळेल, असे त्याला वाटले.

४१० मध्ये रोम शहर लुटले गेल्यावर पेलेजिअस आफ्रिकामार्गे पॅलेस्टाइनला गेला. तेथे डायॉस्पोलिसच्या धर्मसभेने ४१५ मध्ये त्याला निर्दोष ठरविले. परंतु कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्ये त्याच्या मतांचा निषेध केला आणि आरंभी साशंक असलेला पोप झोसिमस यानेही त्याच वर्षी तसाच निर्णय दिला. आदामाच्या पतनामुळे सर्व मानवजात आदिपापाने ग्रस्त आहे, तिची इच्छा नष्ट झालेली नसली तरी बंदिस्त आहे आणि विश्वासाचा आरंभदेखील कृपेनेच होतो, हे ऑगस्टीनचे मत पाश्चात्त्य चर्चमध्ये प्रभावी ठरले [⟶ ऑगस्टीन, सेंट].

तथापि ऑगस्टीनच्या पक्षातही शंका उरल्या. सु. ४२६ मध्ये आफ्रिकेतील हाद्रुमेटम येथील मठात त्याच्या लेखनावरून वाद माजला. सदाचरण कृपेवर अवलंबून असेल, तर चुकल्याबद्दल मठाधिपतीने आम्हास दोष देऊ नये. आम्हास कृपा मिळावी म्हणून केवळ प्रार्थना करावी, असे काही संन्यासी म्हणू लागले. त्यांना उत्तर देताना ऑगस्टीनने दोन प्रबंध लिहिले व मानवी शब्दांनी केलेली कानउघाडणी हेसुद्धा कृपेचे एक साधन असू शकते, असे दाखविले. वैद्य रोग बरा करील म्हणून रोग्याने औषध नाकारू नये, अशा स्वरूपाचा हा विचार होय. गॉलमध्ये जॉन कॅसिअन (सु. ३६०–सु. ४३५) व त्याच्या परंपरेतील संन्याशांनी श्रद्धेचे पहिले पाऊल काही वेळा मनुष्य टाकू शकतो, असे मत मांडले. या मताला पुढे ‘अर्ध-पेलेजिअसवाद’ असे नाव पडले. ऑरेंजच्या धर्मसभेने (५२९) ते अमान्य केले. पण त्याचबरोबर देव कोणालाही दुष्कर्मासाठी पूर्वनियोजित करतो, ही कल्पनाही निषिद्ध ठरविली. पाश्चात्त्य चर्चने ऑगस्टीनचा स्वीकार केला तो असा मर्यादेसह.

पौर्वात्य परंपरा : ग्रीक भाषिक चर्चमध्ये हा वाद याच रूपात उद्भवला नाही. तेथे ‘सिनेर्गिया’ म्हणजे सहकार्य हा विचार प्रमुख राहिला. कृपा व इच्छा ही परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून, देवाच्या पुढाकाराला मनुष्याने दिलेला मुक्त प्रतिसाद त्याच्या दैवीकरणाकडे नेतो, असे ऑर्थोडॉक्स धर्मविचार मानतो. ग्रेगरी पालामास (सु. १२९६–१३५९) याने कृपेला देवाची अनिर्मित ऊर्जा म्हटले : देवाचे सत्त्व मनुष्यास अगम्य असले, तरी त्याच्या ऊर्जेत मनुष्य खराखुरा सहभागी होतो.

मध्ययुगीन विचार : टॉमस अक्वाय्नस (१२२५–७४) याच्या मते कृपा ही मानवी प्रकृतीचा नाश करीत नाही, तिला पूर्णत्व देते. इच्छेला प्रथम चालना देणारी कृपा आणि चालना मिळालेल्या इच्छेबरोबर कार्य करणारी कृपा, असा भेद त्याने स्पष्ट केला. मनुष्याच्या सत्कृत्यांना पुण्यफल मिळते. पण ते मिळावे ही योजना देवाचीच असल्यामुळे पुण्य हेही मुळात दानच ठरते. उत्तर मध्ययुगात मात्र, मनुष्याने आपल्या परीने शक्य ते केले, की देव त्यास कृपा नाकारीत नाही, हे सूत्र गाब्रिएल बील (सु. १४२०–९५) आदी पंडितांच्या शिकवणुकीत महत्त्व पावले. हे सूत्र दयाबुद्धीचे होते. परंतु ‘शक्य ते सर्व मी केले काय?’ हा प्रश्न त्याने संवेदनशील मनाच्या पदरी टाकला.

धर्मसुधारणा : हाच प्रश्न मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याच्या जीवनाचा प्रश्न बनला. १५०५ मध्ये एर्फुर्ट येथील ऑगस्टीनपंथी मठात प्रवेश केल्यावर त्याने उपवास, जागरणे व वारंवार पापनिवेदन यांत कसूर केली नाही. तरी न्यायी देवाविषयीची त्याची भीती हटेना. व्हिटन्‌बर्क येथे रोमकरांस पत्रावर व्याख्याने देत असताना (१५१५–१६) व पुढील काही वर्षांत त्याला असा अर्थबोध झाला, की ‘देवाचे नीतिमत्त्व’ म्हणजे पाप्यास शिक्षा करणारा देवाचा गुण नव्हे, तर विश्वास ठेवणाऱ्याला देव जे बहाल करतो ते नीतिमत्त्व होय. या बोधाने स्वर्गाची द्वारे उघडल्यासारखे आपणास वाटले, असे त्याने १५४५ मधील एका प्रस्तावनेत सांगितले आहे. पापदंडातून सूट देणारी पत्रे द्रव्य घेऊन वाटण्याच्या प्रथेवर त्याने १५१७ मध्ये पंचाण्णव प्रमेयांद्वारे जी टीका केली, तिच्या मुळाशी हीच जाणीव होती.

ल्यूथरच्या मते विश्वास हेही मनुष्याचे एक कर्म नव्हे; ते रिकामे हात पुढे करणे होय. ख्रिस्ताचे नीतिमत्त्व श्रद्धावंताच्या खाती गणले जाते व तो एकाच वेळी नीतिमान आणि पापीही असतो. रोमकरांस पत्राच्या जर्मन अनुवादात (१५२२) त्याने एका ठिकाणी ‘केवळ’ हा मूळ संहितेत नसलेला शब्द योजिला व तो वादाचा विषय झाला. डच मानवतावादी इरॅस्मस (सु. १४६६–१५३६) याने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याचा पक्ष मांडला, तेव्हा ल्यूथरने पुढील वर्षी इच्छेच्या दास्यावर ग्रंथ लिहून त्याचे खंडन केले. आपले तारण आपल्या हाती सोपविले जाऊ नये, हेच आपणास इष्ट वाटते. कारण मग आपणास कधीच निश्चिंतता लाभली नसती, अशी त्याची त्यातील भूमिका आहे. सत्कर्मे मात्र त्याने त्याज्य मानली नाहीत. फळे झाडाला चांगले बनवीत नाहीत, चांगले झाड चांगली फळे देते, या न्यायाने तारणाच्या चिंतेतून मुक्त झालेला मनुष्यच शेजाऱ्याची निरपेक्ष सेवा करू शकतो, असे त्याने ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावरील प्रबंधात (१५२०) म्हटले आहे.

जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने नीतिमान ठरणे व पवित्र होत जाणे ही ख्रिस्ताशी जोडले गेल्याने मिळणारी दुहेरी कृपा मानली आणि कृपेच्या सार्वभौमत्वावरून पूर्वनियोजनाचा सिद्धांत कठोरपणे मांडला. कृपा सर्वांना देऊ केली जाते व मनुष्य ती नाकारू शकतो, असे मानणाऱ्या आर्मिनिअसच्या (१५६०–१६०९) अनुयायांची मते डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) फेटाळली. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) याने १९०४–०५ मध्ये असे प्रतिपादन केले, की आपण निवडलेल्यांपैकी आहोत किंवा नाही, या चिंतेने ग्रासलेले कॅल्व्हिनपंथी आपल्या शिस्तबद्ध उद्योगातच त्या निवडीची खूण शोधू लागले. प्रयत्नावर भिस्त नको म्हणणाऱ्या सिद्धांतातून अखंड प्रयत्नाची संस्कृती निर्माण व्हावी, हा विरोधाभास लक्षणीय आहे. वेबरच्या मतावर आक्षेपही पुष्कळ घेण्यात आले आहेत.

कॅथलिक भूमिका : ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) आपल्या सहाव्या सत्रात, १३ जानेवारी १५४७ रोजी, नीतिमानीकरणाविषयीचे विस्तृत विधान संमत केले. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कृतींनी मनुष्य नीतिमान ठरू शकतो, हे मत त्यातील पहिल्याच निषेधकलमात नाकारले आहे. त्याचबरोबर, मनुष्याची इच्छा कृपेने जागृत झाल्यावर तिच्याशी सहकार्य करते व ती निर्जीव वस्तूसारखी निष्क्रिय नसते. नीतिमत्त्व केवळ गणले जात नाही, तर अंतःकरणात ओतले जाते, असेही तेथे प्रतिपादन आहे. म्हणून कॅथलिक पंथ कर्माने तारण मानतो, ही प्रॉटेस्टंट समाजात पसरलेली समजूत आणि प्रॉटेस्टंट पंथ सदाचार अनावश्यक मानतो, ही कॅथलिक समाजात पसरलेली समजूत, या दोन्ही विपर्यस्त होत.

ट्रेंटनंतर कॅथलिक चर्चमध्येही वाद थांबले नाहीत. जेझुइट लूइस द मोलिना (१५३५–१६००) याने इच्छास्वातंत्र्याला, तर डोमिनिकन दोमिंगो बान्येझ (१५२८–१६०४) याने कृपेच्या अमोघतेला प्राधान्य दिले. रोममध्ये सु. नऊ वर्षे चाललेल्या विचारविमर्शानंतर पोप पाचवा पॉल याने १६०७ मध्ये कोणताच निर्णय न देता दोन्ही पक्षांनी परस्परांना पाखंडी म्हणू नये, असा आदेश दिला. ऑगस्टीनचा कठोर अर्थ लावणाऱ्या यान्सेनच्या (१५८५–१६३८) ग्रंथातून काढलेली पाच विधाने १६५३ मध्ये निषिद्ध ठरली. फ्रान्समधील पॉर-रॉयाल मठ व ब्लेझ पास्काल (१६२३–६२) हे या विचारसरणीशी निगडित होते.

अनुभवाची बाजू : कृपेवर विसंबणे म्हणजे काय, हे सिद्धांतापेक्षा चरित्रांतून अधिक उमगते. जॉन वेस्ली (१७०३–९१) हा अँग्लिकन धर्मोपदेशक ऑक्सफर्डमध्ये काटेकोर व्रताचरणासाठी प्रसिद्ध होता. अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीतील धर्मकार्यात अपयश पदरी घेऊन तो परतला. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट मार्गावरील एका सभेत रोमकरांस पत्रावरील ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात असता आपले हृदय विलक्षण ऊबदार झाले आणि आपण केवळ ख्रिस्तावर विसंबून आहोत, अशी खात्री पटली, असे त्याने दैनंदिनीत नोंदविले. मात्र वेस्लीने पूर्वनियोजन नाकारले. प्रत्येक मनुष्याला आधीच स्पर्श करणारी पूर्वगामी कृपा मानून त्याने प्रतिसादाची जबाबदारी मनुष्यावर ठेवली. मेथडिस्ट पंथाची शिस्त व कृपेवरील भर यांचा मेळ या विचारात आहे.

विसाव्या शतकात जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर (१९०६–४५) याने १९३७ मधील ग्रंथात ‘स्वस्त कृपे’वर टीका केली. पश्चात्तापाविना क्षमा व शिष्यत्वाविना कृपा यांचा पुरवठा करणाऱ्या चर्चने ल्यूथरचा निष्कर्ष घेतला, पण ज्या झगड्याअंती तो निघाला तो झगडा टाकून दिला, असा त्याचा आरोप होता. कृपा विनामूल्य आहे, म्हणून ती मोलाची नाही, असे होत नाही. नाझी राजवटीला विरोध करून ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसन्‌बुर्क येथे फाशी गेलेल्या या विचारवंताचे हे म्हणणे त्याच्या जीवनाने तोलले गेले आहे. पॉल टिलिख (१८८६–१९६५) याने कृपेचा अर्थ आधुनिक भाषेत असा सांगितला, की आपण स्वीकारार्ह नसतानाही आपला स्वीकार झालेला आहे, हे स्वीकारणे.

महाराष्ट्रातील व भारतीय संदर्भ : मराठीत ‘कृपा’ व ‘अनुग्रह’ हे शब्द ख्रिस्ती अनुवादकांना तयार मिळाले, भक्तिसंप्रदायाने त्यांना आधीच अर्थघनता दिली होती. गोमंतकात फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याने क्रिस्तपुराणात (१६१६) तारणाची कथा ओवीबद्ध मराठीत आणली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक ठरते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतर सु. आठ वर्षांनी आपणास ख्रिस्ती धर्म सापडला असला, तरी ख्रिस्त सापडलेला नव्हता, अशी जाणीव आपणास झाल्याचे त्यांनी आपल्या निवेदनात (१९०७) सांगितले आहे. मतांची संमती म्हणजे विसंबणे नव्हे, हा त्याचा इत्यर्थ. केडगाव येथील मुक्तिसदनाचे अवाढव्य कार्य पाहता, कृपेवरील ही भिस्त त्यांना निष्क्रिय करणारी ठरली नाही, हे उघड आहे.

दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात याच प्रश्नावरून पडलेले दोन पक्ष तौलनिक धर्माभ्यासकांना परिचित आहेत. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, तसे भक्ताने थोडा तरी प्रयत्न करावा, असे वडकलै पक्ष मानतो (मर्कटन्याय). तर मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, तसा देवच भक्ताला तारतो, असे तेंकलै पक्ष मानतो (मार्जारन्याय). जर्मन विद्वान रूडोल्फ ओटो (१८६९–१९३७) याने १९३० मध्ये या कृपासंप्रदायाची ख्रिस्ती विचाराशी तुलना केली. साम्य विलक्षण असले, तरी एका बाजूस संसारबंधनातून सुटका व दुसऱ्या बाजूस अपराधाची क्षमा, हा भर वेगळा आहे, असे त्याने दाखविले. शिवाय ख्रिस्ती धर्मात कृपा ही येशूचा क्रूसावरील मृत्यू या ऐतिहासिक घटनेशी बांधलेली आहे.

आधुनिक संशोधन व समेट : ई. पी. सँडर्झ (१९३७–२०२२) याने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पौलाच्या काळचा यहुदी धर्म हा पुण्याचा हिशेब मांडणारा धर्म होता, हे जुने चित्र चुकीचे असल्याचे साधार दाखविले. यहुदी परंपरेतही देवाची निवड प्रथम येते व नियमपालन हे त्या निवडीला दिलेले उत्तर असते. त्यामुळे पौलाच्या पत्रांत ल्यूथरचा प्रश्न जसाच्या तसा वाचता येईल काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. जॉन बार्कले याने २०१५ मध्ये प्राचीन काळातील दानविषयक रूढींच्या संदर्भात पौलाचा पुन्हा अभ्यास करून असे मत मांडले, की पौलाच्या दृष्टीने कृपा ही पात्रता न पाहता दिली जाते. परंतु ती प्रतिसादाची अपेक्षा ठेवीत नाही, असे नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्क येथे कॅथलिक चर्च व जागतिक ल्यूथरन संघ यांच्या प्रतिनिधींनी नीतिमानीकरणाच्या सिद्धांतावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्याचा स्वीकार त्याच्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर कृपेनेच होतो व ती कृपाच त्याला सत्कर्मासाठी समर्थ करते, यावर दोन्ही पक्षांचे मतैक्य तीत नमूद आहे. सोळाव्या शतकातील परस्परनिषेध या घोषणापत्रातील शिकवणुकीला लागू पडत नाहीत, असेही मान्य करण्यात आले. जागतिक मेथडिस्ट परिषद २००६ मध्ये व सुधारित चर्चची जागतिक संघटना २०१७ मध्ये त्यात सहभागी झाली. सर्व भेद मिटले असे नव्हे; ‘एकाच वेळी नीतिमान व पापी’ यांसारख्या सूत्रांवर चर्चा चालू राहिली आहे.

मूल्यमापन : या दीर्घ वादातून काही गोष्टी स्पष्ट होतात. कृपावादी विचारवंतांपैकी कोणीही प्रयत्न सोडा, असे सांगितलेले नाही आणि प्रयत्नवाद्यांपैकी पेलेजिअसनेदेखील कृपा हा शब्द टाकलेला नाही. भेद आहे तो विसंबण्याच्या जागेविषयीचा : संकटसमयी, अपयशात व मृत्यूच्या दारी मनुष्याने शेवटी कोणाकडे पाहावे, स्वतःच्या जमाखर्चाकडे की देवाच्या औदार्याकडे? पेलेजिअसने नैतिक जबाबदारीचे रक्षण केले. पण दुबळ्या इच्छेच्या माणसाला द्यावयास त्याच्यापाशी अधिक कठोर उपदेशाखेरीज फारसे काही नव्हते. ऑगस्टीन व ल्यूथर यांनी त्या माणसाला आधार दिला. मात्र काहींनाच कृपा का मिळते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांनाही देता आले नाही व ते देवाच्या गूढ न्यायावर सोपवावे लागले. कृपेवर विसंबणे म्हणजे कर्माचा त्याग नसून कर्माच्या अभिमानाचा व त्याच्या भीतीचा त्याग होय, असे या परंपरेचे सार सांगता येईल.